राखणीचा दिवस

पहाटे पाच

मार्चचा शेवटचा आठवडा आहे. या दिवसांत दार उघडलं की मी आधी वास घेते. रात्री कुठे डोंगर पेटला असेल तर पहाटेच्या गारव्यात धूर खाली बसतो, ओढ्याच्या कडेनं पसरतो आणि डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो. चुलीचा धूर वेगळा, पऱ्हाटीचा वेगळा. गवताचा धूर हलका, कोरडा असतो आणि लगेच घशाला लागतो. आज हवा स्वच्छ आहे. तरी गच्चीवर चढून उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेकडे एकदा नजर टाकते. अंधार असेपर्यंत बारीकशी आगही लांबून दिसते. उजाडल्यावर फक्त धूर दिसतो आणि दुपारच्या झळांत तोही नीट ओळखू येत नाही. म्हणून पहिली पाहणी अंधारातच उरकायची.

आमचं रान भोकरदन तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. आठ एकर साग, चार एकर बांबू. जमीन बरड, थोडं खणलं की मुरूम लागतो. कापूस-मक्यातून हाती काही उरेना, तेव्हा तेरा वर्षांपूर्वी साग लावला आणि पुढे बांबू. मालक जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात पाळीवर असतात. रानाचं सगळं माझ्याकडे आणि आमच्या सालगडी मामांकडे.

जालना जिल्ह्यात जंगल फार थोडं, क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्या आसपास. चंद्रपूर-गडचिरोलीकडे १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाची सागाची रोपवनं आहेत. तिथं रोपवनाच्या चहूबाजूंनी जंगल असतं आणि आग जंगलातून येते. आमच्या भागात झाडांचे तुकडे शेतांच्या मधोमध आहेत. आग शेतातून येते, बांधावरून येते, रस्त्याच्या कडेनं येते. म्हणजे ती माणसाच्या हातून येते. त्यामुळे राखणीचा निम्मा दिवस झाडांत जातो आणि निम्मा माणसांत.

सकाळी सहा

मामा पाठीवरचा ब्लोअर घेऊन हजर असतात. पेट्रोलवरचं हे यंत्र वनविभागानं वणव्याच्या कामाला आणलं आणि आता आमच्यासारखे झाडं लावणारेही ते वापरू लागले आहेत. आम्ही जाळरेषेवरून निघतो.

जाळरेषा म्हणजे रानाभोवतीचा मोकळा पट्टा. त्यावर जळायला काही नसलं की आग तिथवर येऊन थांबते. वनविभागाच्या हिशेबानं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. तयारी त्याआधीच झालेली हवी. पट्ट्यातलं गवत डिसेंबरपर्यंत कापायचं, वाळू द्यायचं आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या आत, सकाळी दव असताना, माणसं उभी करून जाळून घ्यायचं. सरकारी जंगलात जागेप्रमाणे हे पट्टे ३, ६ किंवा १२ मीटर रुंद ठेवतात. आम्ही बाहेरच्या कडेला ६ मीटर ठेवला आहे आणि सागाच्या मधून ३ मीटरच्या दोन आडव्या रेषा काढल्या आहेत. लागवडीच्या वेळी हे जिवावर येतं. एकेक ओळ कमी केली की तेवढं उत्पन्न गेल्यासारखं वाटतं. रोपवाटिकेवाले एकरी किती रोपं बसतील एवढंच सांगतात, किती जागा मोकळी ठेवायची ते कुणी सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या सागाला जाळरेषा नाही त्याच्या मोबदल्याचा हिशेब कागदावर करण्यात अर्थ नाही.

हा पट्टा एकदा केला की वर्षाची काळजी मिटली असंही होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला साग पानं टाकतो. हाताच्या लांबीची, खरखरीत पानं दुपारच्या वाऱ्यावर घरंगळत पट्ट्यावर येतात. चार पानांवर चार पानं पडली की आगीला ओलांडायला वाट मिळाली. म्हणून रोज सकाळी वारा पडलेला असताना ब्लोअरनं पानं आत ढकलायची. दगडांच्या फटीत अडकलेली दाताळ्यानं ओढायची. मामांचा दंडक असा की पट्ट्यावर बसून कुणी विडी ओढली तरी खाली काही धुमसता कामा नये, इतकी माती उघडी हवी. मामा स्वतः रानात विडी ओढत नाहीत.

बांबूचं गणित निराळं आहे. बेटाच्या बुडाशी वाळलेली पानं, कोंबांवरून गळलेली आवरणं, मोडके फाटे आणि आतल्या बाजूला जागच्या जागी वाळलेले जुने बांबू साचतात. कृषी विभागाची माणसं सांगतात की पाला झाडाखालीच राहू द्या, ओल टिकते आणि खत होतं. ते खरंच आहे. पण तोच पाला मार्चमध्ये सरपण असतो. आम्ही वाटणी केली. कडेच्या दोन ओळींत बुडाभोवतीचा पाला उचलून आतल्या ओळींत टाकतो. आत तो जमिनीला लागतो, कडेला राहिला तर आगीला लागेल. वाळलेले बांबू हिवाळ्यातच काढून विकतो. ठिबकच्या नळ्या जिथं पट्टा ओलांडतात तिथं वीतभर मातीखाली गाडल्या आहेत, कारण गवताची आग झाडाला काही करो न करो, काळ्या प्लास्टिकच्या नळीचा तिथल्या तिथं गोळा करते आणि भर उन्हाळ्यात पाणी बंद पडलेलं बांबूचं बेट पुढे आपोआप वाळतं.

साग आणि बांबूच्या मधे नेपियर गवताचा पट्टा आहे. त्याला पाणी देतो, म्हणून तो उन्हाळाभर हिरवा राहतो. गुरांना चारा मिळतो आणि एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जायची थांबते. वरच्या बांधाला घायपात लावली आहे. तिच्या जाड, रसाळ पानांना आग सहजासहजी धरत नाही.

सकाळी आठ

पाण्याची हजेरी. शेततळं निम्म्याच्या खाली आलं आहे, पण मोटर चालते. रानाच्या चारही कोपऱ्यांना दोनशे लिटरची पिंपं भरून ठेवलेली असतात. फवारणीचे दोन पाठपंप भरलेले, त्यांना जाड धारेचं नोझल. जुन्या टायरच्या पट्ट्या बांबूला बांधून केलेले झोडपे, फावडी, कोयते आणि पिंपात बुडवून ठेवलेले कडुनिंबाचे ओले डहाळे. कडुनिंब या दिवसांत नवी पालवी घेतो, त्यामुळे आग झोडपायला त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. अंगात मालकांचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पायात बूट. नायलॉनची साडी नेसून रानात यायचं नाही हा नियम कामाच्या बायकांनाही सांगितलेला आहे. तो कपडा आगीजवळ अंगाला चिकटतो.

सकाळी नऊ

आबांची मेंढरं सागात शिरली. आबा धनगर आहेत, सत्तरी ओलांडलेले. सागाची झाडं मेंढरांच्या तोंडाच्या फार वर गेल्यापासून आम्ही त्यांना रान मोकळं केलं आहे. दिवाळीनंतर आधी कापता येईल तेवढा मारवेल कापून चारा म्हणून विकायचा, मग उरलेल्यावर मेंढरं सोडायची. रात्री ती इथंच बसवली तर खत वेगळं मिळतं, त्याचे पैसे आबांना देते. गवत पोटात गेलं की ते जळायचं राहत नाही. वणव्यापासून राखणीचा इतका स्वस्त आणि कुणाचंच नुकसान न करणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. बांबूत मात्र मेंढरं सोडत नाही, कोवळा फुटवा ती ठेवत नाहीत.

आबांशी एक वाद जुना आहे.

“पोरी, आमचे म्हातारे उन्हाळ्यात माळ पेटवायचे. पाण्याची पहिली सर पडली की असं कवळं गवत यायचं.”

“आबा, गवत यायचं, पण कोणतं? आता वरच्या माळावर काय उरलंय?”

“कुसळी,” आबा मान हलवतात. “नुसती कुसळी. मेंढरांच्या कातड्यात रुतती.”

हेच आहे. वरचेवर पेटवलेल्या माळावर मारवेल, पवन्या अशी चांगली गवतं मागं पडतात आणि आगीला न जुमानणारी कुसळी पसरते. तिची टोकदार बीजं लोकरीतून कातडीत घुसतात. काळ्या पडलेल्या माळावर पहिल्या पावसात हिरवा रंग लवकर उठून दिसतो, त्याला लोक चांगलं गवत समजतात. आबांना हे पुस्तकातून कळलेलं नाही, त्यांच्या मेंढरांनी त्यांना सांगितलं आहे. म्हणून वाड्यावस्त्यांवर माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं अधिक चालतं, आणि ते आता बोलतात.

सकाळी साडेदहा

आता माणसांचं काम. गव्हाची काढणी आटोपली आहे. हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाची काडं वितीएवढी उभी राहतात. नांगराला अडतात म्हणून लोक पेटवून देतात. पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट यांचंही तेच. बांध साफ करायला काडी लावली जाते. त्याशिवाय मधाच्या पोळ्याला धूर देणारे, सशामागं गवत पेटवणारे, रस्त्यानं विडी टाकून जाणारे आणि वाऱ्यानं एकमेकींना घासणाऱ्या विजेच्या तारा. ढगांच्या विजेनं वणवा लागल्याचं आमच्या भागात मी ऐकलेलं नाही.

पश्चिमेच्या बांधाचे काका ओट्यावर बसलेले होते.

“काका, काडं कधी पेटवताय?”

“आज-उद्या पेटवावं म्हणतो, वहिनी. नांगरटीचा ट्रॅक्टर परवाच्याला सांगितलाय.”

“दुपारी नका पेटवू एवढंच म्हणते. संध्याकाळी सहानंतर, वारा पडल्यावर. मी मामांना पंप घेऊन पाठवते. अन् आधी बांधाच्या कडेनं दोन तासं नांगर मारून घ्या, डिझेल माझं.”

“बरं हाय. तुमचं लाकूड जळून आमचं काय भलं होणार?”

खरं तर काडं जाळूच नयेत. रोटाव्हेटरनं मातीत मिसळली तर जमिनीलाच मिळतात. पण ज्याच्याकडे रोटाव्हेटरच्या भाड्याचे पैसे नाहीत त्याला हे ऐकवून उपयोग नसतो. त्याला वेळ बदलायला सांगितलं तर तो ऐकतो. निदान आग वाऱ्यावर सुटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत शेजाऱ्यांमधल्या अशा समजुतीला कायद्याचा आधार आहे. तिथल्या १९९८ च्या माळरान व वन अग्नी कायद्यानुसार, ज्याच्या जमिनीवर आग लागू शकते किंवा जिच्यावरून ती पसरू शकते, त्या मालकानं आपल्या बाजूनं सीमेवर जाळरेषा ठेवायचीच. शेजारशेजारच्या जमीनमालकांनी मिळून अग्निसंरक्षण संघ करावेत, अशी सोयही त्याच कायद्यात आहे. निलगिरी-पाइनची व्यापारी रोपवनं असलेल्या त्या देशाला हे पक्कं कळलं की एका मालकानं आपल्या कुंपणाच्या आत कितीही केलं तरी पुरत नाही. आपल्याकडे भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ राखीव वनाला आग लावण्याविरुद्ध आहे आणि कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन आहे. पण ते सरकारी जंगलासाठी. शेतातल्या सागाला कायद्याचा असा शेजार नाही. म्हणून आम्हाला तो ओट्यावर बसून मिळवावा लागतो.

दुपारी बारा

वनरक्षक ताई मोटरसायकलवरून थोडा वेळ थांबल्या. त्यांचं बीट, म्हणजे राखणीचा भाग, वरच्या डोंगरात आहे, गिरिपुष्प, सीताफळ, करंज आणि थोडा साग अशी लागवड. पाणी पिता पिता त्यांनी मोबाइल दाखवला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानं टिपलेल्या आगींचे संदेश येतात. नोंदणी केली तर कोणत्याही नागरिकाला ते मिळतात, मीही केली आहे. मात्र त्यावर किती विसंबायचं हे समजून घ्यायला हवं. व्हीआयआयआरएस नावाचा जो संवेदक हे काम करतो त्याचा एक ठिपका ३७५ मीटर गुणिले ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. आमचं रान त्यात जवळपास तीनदा मावेल. उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. मधल्या वेळात लागून विझलेली गवताची आग त्याला दिसतच नाही, आणि दिसली तरी संदेश येईपर्यंत गवत जळून गेलेलं असतं. मोठ्या जंगलात, जिथं आग दोन-दोन दिवस चालते, तिथं ही सोय फार मोलाची आहे. शेतातल्या रोपवनाला मात्र गच्चीवरून बघणारा माणूस आणि त्याच्या हातातला फोन हेच उपयोगाचं.

ताई गेल्यावर मी सावलीत बसते, पण डोळे पश्चिमेलाच असतात. बारा ते चार हा सगळ्यात वाईट वेळ. हवेतला ओलावा अनेकदा वीस टक्क्यांच्या खाली जातो, पश्चिमेचा वारा उठतो, गवत नुसतं चुरचुरतं. चढावर तर आग पळतेच: उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग जवळपास दुप्पट होतो, कारण ज्वाला वरच्या गवताला आधीच भाजून ठेवते. व्यापारी लागवडीत त्यात एक भर पडते. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं सलग उभी असतात, सगळ्यांखाली एकसारखा पाला. पोर्तुगालमध्ये जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे भागात निलगिरी आणि पाइनच्या पट्ट्यांतून आग सुटली आणि साठाहून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीच रस्त्यावर गाड्यांत. त्याच वर्षी जानेवारीत चिलीत रोपवनांच्या प्रदेशातलं सांता ओल्गा हे गाव जळून गेलं. आमच्याकडे एवढे सलग पट्टे नाहीत. पण आता बांबूला अनुदान आहे, चंदन, महोगनी लावणारे वाढत आहेत, आणि उद्या शेताला शेत लागून झाडं उभी राहतील. मधले ओले आणि उघडे पट्टे आत्ताच आखले नाहीत तर नंतर झाडं तोडून कुणी आखणार नाही.

दुपारी दोन

धूर. पश्चिमेला, काकांच्या रानात.

काकांनी शब्द दिला होता, पण जमीन बटईनं दिलेली आणि बटईदार भाऊ दुसऱ्या वस्तीवरून थेट रानात आलेले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी खालच्या कोपऱ्यात काडी लावली आणि वाऱ्यानं आग उचलली.

मी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर फक्त दोन शब्द टाकले, “पश्चिम बांध”, आणि फोन लावत पळाले. पहिला फोन मामांना. दुसरा डाळिंबवाल्या भाऊजींना, कारण त्यांच्या ट्रॅक्टरवर पाचशे लिटरची टाकी आणि फवारणीचा एचटीपी पंप कायम जोडलेला असतो. आमच्या जिल्ह्यात फळबागांमुळे हे साहित्य गावोगाव आहे. तालुक्याच्या गावाहून अग्निशमनाची गाडी यायची त्याच्या आत भाऊजींचा ट्रॅक्टर पोचतो, हे आम्ही आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

आगीच्या तोंडासमोर कुणी जायचं नाही. ती चढानं वर येत होती, पुढं उभं राहिलेला माणूस धुरातच अडकला असता. बटईदार भाऊ आणि दोघं मागच्या बाजूनं, जळून काळ्या झालेल्या जागेतून शिरले आणि दोन्ही कडांनी झोडपत पुढं सरकू लागले. झोडपा वर उचलून आपटायचा नसतो. तसं केलं तर ठिणग्या उडून पुढं पडतात. तो दाबून ज्वाळेवर धरायचा, तिचा श्वास कोंडल्यावर उचलायचा. कडा विझत गेल्या की आगीचं तोंड अरुंद होतं. आम्ही जाळरेषेच्या आतल्या बाजूला, सागाकडे पाठ करून उभे होतो. मामा पट्टा भिजवत होते.

काडं संपून आग बांधावरच्या गवतात आली तेव्हा ज्वाळा माणसाएवढी झाली. आवाज मोठा होता. मग ती पट्ट्याच्या कडेला आली आणि तिथं खायला काही नव्हतं. काही क्षणांत ती गुडघ्याएवढी, मग घोट्याएवढी झाली. तेवढ्यात सागाचं एक पेटलेलं पान वर उडालं, डोक्यावरून गेलं आणि मागं दुसऱ्या ओळीत पडलं. मामांनी ते पाहिलं. जाळरेषेवर दोन माणसं पुढं बघायला आणि एक माणूस कायम मागं बघायला ठेवायचा असतो, तो याचसाठी. पंपाची धार आणि दोन फावडी माती, एवढ्यात ते विझलं. भाऊजींचा ट्रॅक्टर आला तेव्हा कोपऱ्यातलं किरकोळ जळणं उरलं होतं. त्यांनी सगळी टाकी कडेवर रिकामी केली.

काकांचं दोन एकर रान आणि आमचा बांध काळा झाला. आत आग गेली नाही.

दुपारी साडेतीन

ज्वाळा गेल्यावर लोक घाम पुसून घरी निघतात आणि पुष्कळ वणवे त्यानंतरच लागतात. आमच्याकडे मागं राहिलेली धग विझवायला ज्वाळा विझवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. सगळी कड पायी फिरायची. हाताची पालथी बाजू जमिनीजवळ नेऊन ऊब बघायची. बाभळीचं जुनं खोड आतून धुमसत असतं. ते फोडून त्यात पाणी ओतायचं. सगळ्यात फसवं म्हणजे वाळलेलं शेण. गुरं चरून गेलेल्या बांधावर पोवट्या पडलेल्या असतात. त्या वरून राखाडी, थंड दिसतात आणि आत तासन्‌तास निखारा धरून राहतात. उलथली की लाल. रात्री वारा फिरला की तेवढ्यावरून पुन्हा आग लागते. बटईदार भाऊंची दहा-बारा वर्षांची मुलगी काठीनं एकेक पोवटी उलथत माझ्याबरोबर चालत होती आणि लाल दिसली की ओरडत होती, “काकू, हितं!” मी पाणी टाकत होते.

भाऊ गप्प होते. त्यांना कुणी बोललं नाही. निरोप काकांपाशी थांबला होता, काडीपेटी भाऊंच्या खिशात होती. यापुढं बटईदार, सालकरी, हार्वेस्टरवाले, मधवाले या सगळ्यांचे नंबर ग्रुपवर घ्यायचे असं तिथंच ठरलं.

संध्याकाळी सहा

कडेच्या झाडांना झळ लागली आहे का ते बघितलं. साग चिवट आहे, सहसा मरत नाही. पार जळाला तरी बुडातून फुटतो. म्हणून पुष्कळ जण म्हणतात की सागाला आगीचं काय भय. पण आम्ही झाड जगावं म्हणून लावलेलं नाही, लाकूड सरळ आणि निरोगी मिळावं म्हणून लावलं आहे. वारा ज्या बाजूला वाहतो त्या आडोशाच्या बाजूला बुंध्याशी ज्वाळा जास्त वेळ रेंगाळते, तिथली साल भाजते. वरून लगेच काही कळत नाही. मग साल सुटते, उघड्या लाकडात बुरशी, वाळवी शिरते. पुढं वीस-पंचवीस वर्षांनी झाड आडवं केलं की बुडाचा, म्हणजे सर्वांत जाड आणि किमतीचा ओंडका पोकळ निघतो. व्यापारी कुऱ्हाडीचा तुंबा मारून आवाज ऐकतो आणि तिथंच भाव पाडतो. कडेच्या तीन झाडांवर चुन्याची खूण केली आहे, पावसाळ्यानंतर त्यांची साल पुन्हा बघायची.

आणखी एक गोष्ट झाडं लावणाऱ्यांनी करून ठेवावी. सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करावी. नोंदच नसेल तर तलाठ्यानं पंचनाम्यात नुकसान कशाचं लिहायचं? बांबूचं बरं झालं. २०१७ च्या कायदा दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला, त्यामुळे तोडीची अडचण गेली. सागाला मात्र तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना लागतो, आणि तेव्हाही ही नोंद उपयोगी पडते.

रात्री साडेनऊ

मामा बॅटरी घेऊन पश्चिमेच्या कडेला एक चक्कर मारून आले. धूर नाही. मध्यरात्री मी एकदा जाईन.

ग्रुपवर आज सत्तेचाळीस माणसं आहेत. त्यावर शुभेच्छा, फुलं, राजकारण काही टाकायचं नाही, फक्त तीन गोष्टी: कोण कधी पेटवणार, धूर कुठे दिसला, कुणाचा ट्रॅक्टर भरलेला आहे. काकांनी स्वतः लिहिलं की उरलेली काडं ते रोटाव्हेटरनं मोडणार. डाळिंबवाल्या भाऊजींनी टाकी भरल्याचं लिहिलं.

आपल्या राज्यात झाडं लावण्याचे मोठे कार्यक्रम झाले, २०१९ चा संकल्प तर ३३ कोटींचा होता. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर लोकांनी कष्टानं उभ्या केलेल्या सह्याद्री देवराईलाही वणव्याची झळ बसली आहे. रोपं, खड्डे, पाणी यांना पैसे मिळतात. जाळरेषेला, राखणदाराला, ब्लोअरच्या पेट्रोलला मात्र लागवडीनंतर फार लवकर हात आखडतो. रोपवनाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात, ते सरकारी असो की शेतकऱ्याचं, किमान पहिल्या पाच उन्हाळ्यांच्या राखणीचा खर्च धरलाच पाहिजे. तो धरत नसतील तर ग्रामसभेत मागा.

आणि ज्यांच्या रानात साग, बांबू, चंदन उभं आहे त्यांनी यंदा दिवाळीनंतर लगेच गवत कापायला घ्यावं, बांधापलीकडच्या माणसाला आणि त्याच्या बटईदारालाही जाऊन भेटावं. सरकारी जंगलात धूर दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. तो लावा, आणि विझेपर्यंत तिथून हलू नका.